फायबर लेसरने काचेच्या आत कोरता येतं? तो मेसेज थांबवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ग्रुपवर फिरतंय की स्टीलवर नाव टाकायचं साधं फायबर लेसर मशीन चष्म्याच्या काचेच्या आतही डिझाइन कोरतं. तसं नाहीये. त्याच्या किरणाची तरंगलांबी 1064 नॅनोमीटरच्या आसपास, साधी पारदर्शक काच तो जवळपास शोषतच नाही, बहुतेक आरपार जातो. मेसेजमधल्या व्हिडिओखालीच बारीक अक्षरात फेमटोसेकंद लिहिलंय, ते कुणी वाचलंच नाही! म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाच्या हिशोबातले पल्स, म्हणजे प्रकाशाचे झटके, इतक्या कमी वेळात एवढी ताकद एका बिंदूत येते की काच फक्त तिथंच ती शोषते. घोळ होतो कारण असे लेसरही बऱ्याचदा साध्या मशीनसारखे यटर्बियम फायबरचेच (यटर्बियम धातूचा अंश मिसळलेल्या काचतंतूचे) असतात, तरंगलांबीही जवळपास तीच. मशीन घेणाऱ्यांनी आधी स्वतःच्या काचेवर डेमो मागा, आणि तो मेसेज प्लीज पुढं पाठवू नका.