कृपया पुन्हा प्रयत्न करा

मेळघाटातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात काल सकाळी आठवा महिना लागलेली एक बाई सहा किलोमीटरची डोंगरवाट उतरून आली, तिचे हिमोग्लोबिन ६.८, म्हणजे धोक्याइतके कमी भरले, आणि त्यानंतरचा पाऊण तास मी तिच्याकडे नव्हे, तर टॅबलेटवर गरगरणाऱ्या चकतीकडे पाहत बसले.

नव्या ऑनलाइन प्रणालीत रुग्णाची नोंद उघडल्याशिवाय मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची संदर्भचिठ्ठी निघत नाही आणि ओटीपीशिवाय नोंद उघडत नाही. घरातला एकुलता एक मोबाइल नवऱ्याकडे, आणि नवरा दिवाळीनंतर जो वीटभट्टीवर गेला तो होळीलाच परतणार. आशाताई रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी चढून गेल्या, त्यांनी त्याला फोन लावला, त्याला अक्षरओळख नसल्याने त्याने मुकादमाला शोधून आकडे वाचून घेतले, ताईंनी ते वरून ओरडून सांगितले आणि मी सहाही आकडे भरले. पडद्यावर उमटले : ‘सत्राची मुदत संपली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ त्या ‘कृपया’ने माझ्या मस्तकात जी तिडीक गेली, ती आजवर कुणाच्या शिवीनेही गेली नव्हती. १०२ ची रुग्णवाहिका दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन गेलेली होती आणि दिवसातून दोनदाच सुटणाऱ्या जीपचा चालक बाहेर हॉर्न वाजवत होता. शेवटी मी नोंदवहीचे पान फाडले, निळ्या पेनाने रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ‘तातडीने दाखल करावे’ एवढे लिहिले, शिक्का मारला आणि बाईला जीपमध्ये बसवले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

संध्याकाळी वरून फोन आला. आज तुमच्याकडे एकही तपासणी दिसत नाही, बाई खरोखर आली होती का, असे मला विचारण्यात आले. आली होती, साहेब, आठ महिन्यांचे पोट घेऊन पायी आली होती! त्यावर उत्तर मिळाले की ऑनलाइन दिसत नाही म्हणजे तपासणी झालीच नाही.

सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते आणि आमच्याकडे तीन हजारांमागे, म्हणजे तो निकष ठरवणाऱ्याला डोंगरातले चालणे ठाऊक होते. ही प्रणाली बनवणाऱ्याला बहुधा लिफ्टच ठाऊक असावी. तिच्या प्रशिक्षणाला आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी वातानुकूलित सभागृहात बसवले होते, तिथे प्रत्येक पान क्षणात उघडत होते आणि शिराही बरा होता. मी नेटवर्कविषयी विचारले, तेव्हा ‘ते पुढच्या टप्प्यात’ असे सांगण्यात आले. तोवर कागदी नोंदवह्याही चालूच ठेवायच्या आहेत, म्हणजे काम निम्मे होण्याऐवजी दुप्पट झाले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या प्रत्येकाची चाचणी करायची आहे आणि ती मी आनंदाने करते. पण चाचणीपेक्षा तिची नोंद जास्त वेळ खाते, आणि आधारवर निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचाच असल्याने नेमके माणूस शोधणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. या सगळ्यावर ‘रिफ्रेश करून पाहा’ असे सुचवणाऱ्यांना एकदा भरपावसात त्या टाकीवर उभे करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता खरे सांगायचे तर संगणक द्या म्हणून तीन वर्षांपूर्वी अर्ज करणारी मीच होते. लसीकरणाची जुनी वही वाळवीने खाल्ली होती, आणि भट्टीवर गेलेल्या बाईची माहिती तिथल्या दवाखान्यात उघडावी, हे मला आजही हवे आहे. अर्जात मी ‘विनाविलंब’ असाही शब्द घातला होता, आणि तो सुचल्याबद्दल स्वतःवर खूशही होते.

रात्री लक्षात आले की काल फाडलेल्या पानावर अनुक्रमांक छापलेला होता. नोंदवहीचे पान गहाळ झाल्याचा खुलासा मलाच द्यावा लागणार आहे, आणि खुलासे आता फक्त ऑनलाइन स्वीकारले जातात.