नोनीच्या बाटलीत कुणाचंही ज्ञान जपलेलं नाही

‘पॉलिनेशियातले आदिवासी २,००० वर्षं रोज नोनीचा रस पितात, म्हणून त्यांना शुगर, कॅन्सर, किडनीचे आजार होत नाहीत. तिथले वैदू आता संपले, पण त्यांचं ज्ञान पुढच्या पिढ्यांसाठी आम्ही या बाटलीत जपलंय. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ हा मेसेज परवा माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि मागोमाग ओळखीच्या एकांनी बाटलीही आणून दिली. आत्याच्या किडन्या अधू आहेत. डॉक्टरांनी तिला नारळपाणीसुद्धा बंद केलंय.

म्हणून आधी ‘साइड इफेक्ट शून्य’बद्दल. नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, जवळपास संत्र्याच्या रसाइतकं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. अधू किडनीला ते जमत नाही. ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जाऊ शकतो. ही नुसती शंका नाही. किडनीच्या जुन्या आजाराचा एक रुग्ण पथ्य पाळत होता, तरी त्याचं पोटॅशियम चढलं, आणि कारण निघालं स्वतःच्या मनाने सुरू केलेला नोनीचा रस. किडनीविकारांवरच्या अमेरिकन नियतकालिकात ही केस २००० साली छापून आली आहे. आणि हाच रस ‘किडनीसाठी उत्तम’ म्हणून वाटला जातोय! मेसेज पुढे ढकलण्याआधी समोरच्याचा क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारा रक्तातला आकडा) किती, एवढं तरी विचारा.

शुगर होत नाही म्हणे. पॉलिनेशिया म्हणजे प्रशांत महासागरातली बेटं. त्यातले सामोआ, टोंगा, कुक बेटं हे मधुमेह आणि लठ्ठपणाने जगात सर्वाधिक ग्रासलेल्या देशांपैकी आहेत. कॅन्सरचं म्हणाल तर १९९८ मध्येच अमेरिकेतल्या चार राज्यांनी नोनी विकणाऱ्या कंपनीला रोग बरे करण्याचे निराधार दावे थांबवायला लावले होते.

नोनी तिथलं औषधी झाड आहे, हे मान्य. आपल्याकडे त्यालाच बारतोंडी म्हणतात. पण जुन्या नोंदींत भर आहे तो पानांच्या लेपावर, बाहेरून लावण्यावर. बाटलीतला रस रोज पिण्याची टूम १९९०च्या दशकातली.

सगळ्यात राग येतो तो ‘वैदू संपले’ या वाक्याचा. सामोआत ‘तौलासेआ’ म्हणजे वनौषधी देणाऱ्या जाणत्या बायका आजही औषध देतात, आणि ही विद्या घराण्यात हातोहात पुढे जाते. मतालाफी हे तिथलं सूज-तापावरचं पान. सामोआच्याच शास्त्रज्ञ सेसेई मोलिमाउ-सामासोनी यांनी ते प्रयोगशाळेत तपासलं. पेशींवरच्या चाचण्यांत त्याचा सूज कमी करणारा गुण आयबुप्रोफेन या सूज-दुखीवरच्या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा निघाला. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याआधीचं उदाहरण ममाला झाडाचं. वैदूंनी काविळीसाठी वापरलेल्या या झाडाच्या खोडातून प्रोस्ट्रॅटिन नावाचं रसायन मिळालं आणि त्यावर एचआयव्हीसाठी संशोधन सुरू झालं. औषध अजून बाजारात आलेलं नाही. तरीही २००४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठाने सामोआ सरकारशी करार केला, की यातून पैसा मिळालाच तर निम्मा सामोआचा, आणि त्यात गावांचा व वैदूंच्या घराण्यांचाही वाटा. ज्ञान जपणं म्हणजे हे. आत्याला आणून दिलेल्या बाटलीवर ना गावाचं नाव आहे, ना कुणा वैदूचं. त्यांच्या वाट्याचा तर उल्लेखही नाही.