पन्नास तासांत ज्ञानरचनावादी व्हा

विज्ञान शिकवता ना? आणि ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांना स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचू देणारे, व्हायचंय ना? मग राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तुमची सोय केली आहे. शिक्षकाने दर वर्षी किमान पन्नास तास व्यावसायिक विकास करून घ्यावा, असं त्यात म्हटलंय. दचकू नका. निवडणूक, सर्वेक्षण आणि खिचडीचा हिशेब पचवलेल्या माणसाला विकास काय जड जाणार?

प्रशिक्षणाला वेळेवर जा, म्हणजे सहीच्या वेळेला. पेठ-सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून नाशिकला आला असाल, तर पंख्याखालची खुर्ची आधी अडवा. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, ‘वर्गात व्याख्यान देऊ नका’ या विषयावर दोन तास व्याख्यान देतील. स्लाइड वाचून दाखवतील. आपल्यालाही वाचता येतं, हे त्यांना जाणवू देऊ नका. गटकार्यात कार्डशीटवर ‘पूर्वज्ञान’ आणि ‘कृतियुक्त अध्ययन’ लिहून भोवती वेलबुट्टी काढा. गटाला स्केचपेन एकच मिळतं, त्यामुळे सहकार्याचं मूल्य आपोआप रुजतं. उरलेले तास ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर. व्हिडिओ लावून ठेवा आणि वह्या तपासा. कृती झालीच की!

आता खरी जोखीम. शाळेत परतल्यावर हे सगळं वापरायचा मोह होईल.

समजा, तुमची शाळा निफाडकडे आहे आणि दहावीला विस्थापन अभिक्रिया चालू आहे. प्रयोगशाळा उघडू नका. परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरला उत्तर कोण देणार? फळ्यावर समीकरण लिहा: लोह अधिक कॉपर सल्फेट. एवढ्यात मागच्या बाकावरचं पोरगं हात वर करेल. “सर, कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूदच ना? पप्पा द्राक्षबागेवर डाऊनी रोग आला की फवारायला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करतात. त्यात विळा बुडवून बघतात. विळा तांबूस झाला तर म्हणतात, अजून चुना टाक.”

इथे सांभाळा. हा प्रयोगच आहे. चुना कमी पडला की तांबं द्रावणात मोकळं राहतं आणि लोखंडावर येऊन बसतं. अशी फवारणी झाली तर कोवळी पानं करपतात. शंभर लिटरला किलोभर मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना, हे प्रमाण त्या पोराला पाठ आहे, आणि तुम्ही ज्या ‘पूर्वज्ञाना’वर कार्डशीट रंगवली ते हेच. (मला स्वतःला हा विळा नोकरीच्या बाराव्या वर्षी कळला. कोणत्या प्रशिक्षणात, विचारू नका.)

पण त्याला बोलू दिलंत तर सगळा वर्ग बोलेल. कुणी भुरी रोगावर गंधक का मारतात विचारेल, कुणी थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या का पेटवतात ते. घटक चाचणी सोमवारी आहे. तेव्हा “पुस्तकात आहे तेवढंच” म्हणा आणि त्याला खाली बसवा.

फोटो मात्र त्याआधी काढा, त्याचा हात वर असतानाच. जिओटॅग चालू ठेवा. ‘विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग’ या रकान्यात तोच जोडायचाय आणि केंद्रप्रमुखांचे ग्रुपवर दोन मेसेज येऊन गेलेत.