खुलासा: तिन्ही फॉर्मची बेरीज म्हणजे डेंग्यूचे रुग्ण नव्हेत
बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फिरणाऱ्या मेसेजमध्ये आरोग्य खात्याच्या रोग सर्वेक्षणातल्या एस, पी आणि एल या तीन फॉर्ममधले आकडे जोडून ‘डेंग्यूचा खरा आकडा’ दिला आहे. ही बेरीज चुकीची आहे. एसमध्ये आरोग्य कर्मचारी लक्षणं नोंदवतात, पीमध्ये डॉक्टरांचं संभाव्य निदान असतं, एलमध्ये प्रयोगशाळेचा निकाल. एकच माणूस तिन्हीकडे येऊ शकतो, आणि एसमधला प्रत्येक ताप डेंग्यू नसतोच.

कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली तरी रुग्ण संभाव्यच धरतात. पक्का ठरतो एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने: तापाच्या पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं).

सीमाभागात घोळ वाढतो. चंदगडचा रुग्ण बेळगावात दाखल झाला, तर डासअळ्या त्याच्या गावात शोधायच्या असतात. म्हणून कोल्हापूर जिल्ह्याला कळवणं फार गरजेचं. नाव एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत लिहिलं की एकाचे दोन रुग्ण होतात. वय, गाव, मोबाईल आणि ताप सुरू झाल्याची तारीख जुळवूनच नोंदी एक कराव्यात. आलेखही त्याच तारखेवर काढावा. रिपोर्टच्या तारखेवर काढला तर उद्रेक उशिरा दिसतो.

एस फॉर्म मात्र निरुपयोगी समजू नका. एखाद्या गावात ताप अचानक वाढल्याचं तिथेच आधी कळतं, आणि पाण्याच्या टाक्या तपासायला एलच्या निकालासाठी थांबायचं नसतं.