दुसऱ्या गिअरमधला बर्नआउट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ड्रॅग रेसच्या आधीचा बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागीच फिरवणं) दुसऱ्या गिअरमध्ये केला तर क्लच जळतो, तो पहिल्यातच करावा आणि लाँचसाठी, म्हणजे स्टार्ट लाइनवरून सुटण्यासाठी, जड (जास्त दाबाची) प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग, टाकली की काम झालं, असं तुम्ही खारघरहून लिहिलंत. मागची चाकं ओढणाऱ्या, स्लिक (बिननक्षीचे रेसिंग टायर) लावलेल्या गाडीसाठी हे दोन्ही मला पटत नाही.

क्लच जळतो तो घसरल्यामुळे. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा वेग कमी, इंजिन लगेच लिमिटरला (कमाल आरपीएमच्या मर्यादेला) लागतं आणि टायर तापायच्या आत पाय उचलावा लागतो. पुढची चाकं स्ट्रिपवरच्या पाण्याच्या डबक्याला वळसा घालून काढा, मागची भिजवून डबक्याच्या पुढच्या कडेला आणा. लाइन लॉकने, म्हणजे फक्त पुढचे ब्रेक लावून ठेवणाऱ्या यंत्रणेने, पुढचे ब्रेक धरा. दुसरा गिअर, साडेचार-पाच हजार आरपीएम, आणि क्लचवरून पाय झटकन काढा. ओलं रबर लगेच घसरायला लागतं, क्लच प्लेटला घासायला वेळच मिळत नाही. तोच क्लच हळू सोडलात की जळका वास आलाच! धूर दिसला की लाइन लॉक सोडा, चाकं फिरत असतानाच पुढे निघा आणि टायर पकडायच्या आधी क्लच पूर्ण दाबा. क्लच न दाबता ब्रेक मारलात तर झटका थेट गिअरबॉक्सला बसतो.

आता जड प्लेट. स्लिकने पकड घेतली आणि क्लचही एकदम घट्ट बसला, तर इंजिनचे आरपीएम कोसळतात, चाकं जागीच फिरतात, नाहीतर अ‍ॅक्सल तुटतो. म्हणून अ‍ॅडजस्टेबल प्लेटमध्ये स्प्रिंगचा दाब कमी ठेवून उरलेलं काम प्लेटच्या लिव्हरवरच्या, फिरताना बाहेर ओढल्या जाणाऱ्या वजनांवर सोडतात. त्यांचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो: 3000 वरून 6000 ला गेलात की चौपट. लाँचला आरपीएम कोसळत असतील तर स्प्रिंगचे सगळे स्क्रू अगदी सारखे, थोडे थोडे सैल करा. वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतात पण गाडी पळत नाही, असं असेल तर वजन वाढवा, स्प्रिंगला हात लावू नका. लाँचला क्लचची ही मुद्दाम ठेवलेली थोडी घसरण सिंटर्ड आयर्नची (लोखंडाची भुकटी दाबून-भाजून केलेली) क्लच प्लेट सोसते. ऑरगॅनिक प्लेट चकाकते आणि मग पकडतच नाही.

साध्या रेडिअल टायरवर पाण्यात जाऊ नये, हे तुमचं बरोबर. नक्षीत पाणी अडकतं आणि नेमकं स्टार्ट लाइनवर गळतं. पाम बीच रोडवर यातलं काहीही करू नये, हेही शंभर टक्के मान्य.

वागळे इस्टेटमध्ये फ्लायव्हील ग्राइंड करून घेणार असाल तर नंतर क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी चाल) पुन्हा तपासा. मटेरिअल गेलं की प्रेशर प्लेट इंजिनकडे सरकते, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचं तिच्यापासूनचं अंतर वाढतं, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखरतो. फ्लायव्हील मात्र स्टीलचंच हवं. कास्ट आयर्नचं जास्त आरपीएमला फुटू शकतं आणि त्याचे तुकडे पायांकडेच येतात, म्हणून बेलहाऊसिंगला (क्लचभोवतीच्या आवरणाला) तुकडे अडवणारी शील्डही हवीच.