१६२ अंगठे, सात सह्या

सकाळी उठल्या उठल्या आमच्या भागाच्या ग्रुपवर काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरांत: 'लोकशाही मेली आहे.' खाली ९४ रडके चेहरे आणि जोडलेले हात. टाकणाऱ्याचं नाव वाचलं आणि डोकंच फिरलं.

गेल्या महिन्यात सुनावणी होती. सार्वजनिक वाचनालय बंद करून जागा दुसऱ्या कामाला द्यायची, असा प्रस्ताव. त्यावर हरकती आणि सूचना मांडायच्या. ग्रुपवर तीन दिवस रण पेटलं होतं. याच गृहस्थांनी 'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत' लढायचं ठरवलं होतं. मी तारीख-वेळ पुन्हा टाकली तर १६२ अंगठे आले. मांडलेल्या खुर्च्या शंभर, आलेले आम्ही सात. आणि थेंबवाले साहेब ग्रुपवर विचारतायत, "कुणी लाइव्ह करतंय का?"

अहो, मेली कसली? तिला भेटायला कुणी गेलंच नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की या अंगठ्याने आपली वाट लावलीये. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ मध्ये, आणि तेव्हापासून संताप आला की तो बोटातून बाहेर पडतो. दाबलं की हलकं वाटतं. पूर्वी तोच संताप पोटात ठेवून माणूस निदान एखादा अर्ज तरी खरडायचा. बरं, कंपनीला काय, आपण चिडून स्क्रीनला चिकटलेले असलो की तिचं दुकान चालतं.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये २०११ चं इजिप्त काढणारच, फेसबुकवरून सरकारविरोधी उठाव झाला म्हणून. काढा. पण २८ जानेवारीला तिथल्या सरकारने इंटरनेट बंद केलं, त्या दिवशीही माणसं रस्त्यावर होती, आणि पुढे कैरोचा तहरीर चौक भरला तो पायांनी. फेसबुकने हाक पोचवली, मान्य. २०१० मध्ये अमेरिकेच्या मतदानाच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी लोकांवर प्रयोग केला, तुमच्या अमुक मित्रांनी मत दिलं असं दाखवून. त्यातून साधारण ३ लाख ४० हजार मतं वाढली, असा संशोधकांचा अंदाज. हेही मान्य. पण ते लोक मतदानाला गेले ना? (आणि एका कंपनीला इतकी माणसं हलवता येतात, याची मला तरी भीतीच वाटते.)

त्या सातांत एक आजी होत्या. त्यांच्याकडे फोन नाही. वाचनालयाच्या दारावर चिकटवलेली नोटीस वाचून आल्या होत्या. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या शाईत पाच ओळी. वाचताना पान थरथरत होतं. अधिकारी म्हणाले, "आजी, बसून वाचा." त्या म्हणाल्या, "नको, उभीच बरी." सगळ्या सुनावणीत नीट नोंदली गेलेली हरकत ती एकच.

ग्रुप नसता तर मला मात्र तारीखही कळली नसती. बरं, ठीक आहे.

तासभर झाला हे टाइप करतोय. मघाशी थेंबवाल्यांना एक सणसणीत उत्तर लिहिलं होतं, ते पुसलं. त्यांची आई आजारी असते हे मला माहीत आहे. आणि दुसरंही एक आहे, तेही सांगून टाकतो. आजींचं वाचून झालं तेव्हा मी त्यांचा फोटो काढला होता. तो ग्रुपवर चढवत होतो, वर दोन ओळी काय लिहाव्यात याचा विचार करत होतो. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?" मला ऐकूच आलं नाही. मान वर केली तर सुनावणी संपली होती.

निघताना रजिस्टरवर सही केली. नाव, पत्ता, सही आणि शेवटचा रकाना हरकतीचा. माझ्या नावापुढे कारकुनाने आडवी रेघ मारली होती. फोटोला तोवर ४१ अंगठे आले होते.