‘वारा चढला’ म्हणणाऱ्या पेशंटबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं: पीटीएसडी (भयंकर प्रसंगातून गेल्यावर मागे उरणारा मानसिक आघाताचा विकार) हा मेंदूचा आजार आहे, तो पुण्यात आणि कंबोडियात सारखाच; ‘अंगात वारा चढतो’ याला आजाराचं नाव देणं म्हणजे अंधश्रद्धेला डॉक्टरी कोट घालणं. पहिला भाग बराचसा मान्य. दचकणं, वाईट स्वप्नं, धडधड सगळीकडे दिसते. पण माणूस नेमका कशाला घाबरतो, ते सगळीकडे सारखं नसतं.

कंबोडियातल्या ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीतून (१९७५-७९) वाचलेल्या अनेकांना ‘ख्याल चाप’, म्हणजे ‘वाऱ्याचा झटका’, होतो. ख्याल म्हणजे वारा. आपल्या ख्याल गायकीशी त्याचा संबंध नाही. समजूत अशी की हातापायांतला वारा अडतो, रक्ताबरोबर वर चढतो, छाती दाबतो, मानेच्या शिरा फोडतो आणि कानांतून घोंगावत बाहेर पडतो. आता असा माणूस झटकन उठला की भोवंड येते, तशी ती कोणालाही येते. त्याला मात्र वाटतं, शीर फुटणार. भीतीने धडधड वाढते, त्याने भोवंड वाढते. त्यात आठवणी उसळतात: उपाशीपोटी खांद्यावर कावडीने माती वाहताना अशीच चक्कर यायची, मान अशीच भरून यायची. पीटीएसडीच्या नेहमीच्या प्रश्नावलीत मानेचा प्रश्नच नसतो. दुभाष्याने ‘वारा’चा ‘गॅस’ केला, की पेशंट अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी.

डीएसएम-५ (२०१३) या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ख्याल चापची नोंद आहे, ती पीटीएसडीच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. त्यातल्या १६ प्रश्नांच्या मुलाखतीत ‘घरच्यांना ही तक्रार तुम्ही कशी सांगाल?’ असं विचारतात. अर्धं काम तिथेच होतं.

तुमची एक भीती रास्त आहे: ‘वारा’ ऐकून खरा आजार निसटू नये. म्हणून आधी पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण आधी शरीरात शोधायचं. त्यानंतर कंबोडियन निर्वासितांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हन हिंटन यांच्या पद्धतीतला सराव: मान हळूहळू गोल फिरवायची आणि देठावर वाऱ्याने डोलणारं कमळ मनात आणायचं. चक्कर येते, शीर फुटत नाही; हे शरीरालाच कळू द्यायचं.

वारा उतरावा म्हणून घरचे बाम लावून नाण्याने पाठ, बरगड्या घासतात, त्याने लाल-जांभळे पट्टे उठतात. मुलांच्या अंगावर ते पाहून अमेरिकेत मारहाणीचा संशय घेतला गेलाय. तेव्हा आधी विचारावं. कातडी सोलली जात नसेल, तर ते बंद करायला सांगण्याची घाई नको.